शरण जाणं म्हणजे हो म्हणणं नव्हे

वडसा म्हटलं की झाडीपट्टीतल्या माणसाला आधी नाटक आठवतं. दिवाळीनंतर मंडई या गावजत्रांचे दिवस सुरू झाले की पूर्व विदर्भातल्या गावागावांत रात्रभर नाटकं चालतात, आणि ती नेणाऱ्या कंपन्यांचा मुक्काम वडशात असतो. मग आठवतं रेल्वे स्टेशन. गोंदियाहून चांदा फोर्टकडे जाणारी गाडी इथे थांबते, आणि जंगलातल्या कितीतरी गावांसाठी बाहेरचं जग इथूनच सुरू होतं. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज. कायद्याच्या विद्यार्थ्याला हे गाव त्या सरकारी नावानेच भेटतं, आणि त्याचं कारण नाटक नाही की रेल्वे नाही.

तारीख 26 मार्च 1972. हे गाव आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, पण गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता. 26 ऑगस्ट 1982 ला तो चंद्रपुरातून निघाला. देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीला जबाबासाठी आणलं होतं. आईबाप नसलेली, मजुरी करून भावासोबत राहणारी, वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. ज्या घरी ती कामाला जाई तिथल्या एका नातलग मुलाशी तिचं जमलं होतं, दोघांनी लग्नाचं ठरवलं होतं, आणि भावाने तिला पळवून नेल्याची तक्रार दिली होती. रात्री साडेदहाच्या सुमारास जबाब आटोपले. हेड कॉन्स्टेबल घरी गेला. बाकीची मंडळी बाहेर पडली. तिला मात्र मागे ठेवून घेतलं गेलं. मग ठाण्याचे दिवे गेले, दार लागलं. आत दोन पोलीस होते.

बाहेर आलेली माणसं घरी गेली नाहीत. मुलगी का येत नाही, दिवे का गेले, असं म्हणत ती तिथेच थांबली. हाका मारल्या, आजूबाजूचे लोक जमले, गर्दी वाढली. आतून एक पोलीस बाहेर आला आणि मुलगी केव्हाच गेली म्हणाला. थोड्याच वेळात मुलगी बाहेर आली आणि तिने काय झालं ते सांगितलं. लोक खवळले, ठाणं पेटवून देण्याची भाषा सुरू झाली. हेड कॉन्स्टेबलला घरून बोलावून आणलं. गर्दीची समजूत घालून त्याने त्याच रात्री मुलीचा जबाब लिहून घेतला. पुढे भारताच्या फौजदारी कायद्याला ज्या खटल्याने वळण दिलं, त्याचा पहिला कागद असा तयार झाला. जमावाने ठाणं पेटवलं असतं तर तो कागद झालाच नसता. लोक पांगून घरी गेले असते, तरीही झाला नसता.

चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघांनाही सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला पूर्वीपासून शरीरसंबंधांची सवय आहे, तेव्हा जे झालं ते तिच्या राजीखुशीनेच झालं असलं पाहिजे, असा त्या निकालाचा सूर होता. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये तो फिरवला. एका पोलिसाला पाच वर्षं आणि दुसऱ्याला एक वर्ष शिक्षा दिली. खंडपीठाने मांडलेला मुद्दा कोणत्याही शेतमजूर बाईला सांगावा लागणार नाही असा होता. ठाण्यातले पोलीस तिच्या ओळखीचे नव्हते. भावाची तक्रार त्यांच्याच हातात होती. अशा जागी, अशा वेळी ती स्वतःहून त्यांच्याकडे जाईल हे संभवत नाही. भीतीपोटी निमूट शरण जाणं वेगळं आणि संमती देणं वेगळं.

15 सप्टेंबर 1978 ला सर्वोच्च न्यायालयाने हा फरक पुसून टाकला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार नाही. तिची माणसं जवळ असताना ती ओरडली नाही, म्हणजे भीती नाही. भीती नाही, म्हणजे संमती. दोघेही सुटले. पायऱ्या एकमेकींवर नीट बसवलेल्या होत्या, फक्त पाया चुकला होता. रात्री पोलीस ठाण्याचं दार आतून बंद झाल्यावर एका अनाथ मजूर मुलीच्या गप्प राहण्याचा अर्थ काय असतो, हा प्रश्न त्या तर्कात कुठेच नव्हता.

हा खटला देशभर त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. मी ते नाव इथे लिहिलेलं नाही. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख उघड करू नये, ही तरतूद आपल्या कायद्यात 1983 ला आली, आणि ती आली याच खटल्यावरून उठलेल्या वादळानंतर. म्हणजे तिच्यामुळे पुढच्या सगळ्याजणींची नावं झाकली गेली, तिचं तेवढं उघडं राहिलं. निकालांच्या संग्रहात मात्र खटल्याचं शीर्षक आहे ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’. तिथे नाव आरोपीचं आहे.

निकालाला वर्ष झालं तेव्हा, 16 सप्टेंबर 1979 ला, कायदा शिकवणाऱ्या चौघांनी सरन्यायाधीशांना एक खुलं पत्र लिहिलं. दिल्ली विद्यापीठातले उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार, आणि पुण्याच्या वसुधा धागमवार. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर प्राध्यापकांनी असं उघड बोट ठेवणं तेव्हा धाडसाचं होतं. पत्राचा गाभा मात्र नवा नव्हता. शरणागती आणि संमती यांतला नागपूरने ओळखलेला फरक दिल्लीला का दिसला नाही, हेच त्यांनी विचारलं होतं. मग 1980 च्या आरंभी मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, 8 मार्चला अनेक शहरांत बाया रस्त्यावर आल्या. नागपुरात डॉ. सीमा साखरे यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषद उभी केली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपला 84 वा अहवाल दिला. 1983 मध्ये कायदा बदलला.

बदललेल्या कायद्याचं मर्म पुराव्याच्या कायद्यातल्या कलम 114-अ मध्ये होतं. पोलिसाच्या किंवा सरकारी नोकराच्या ताब्यात असताना संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि स्त्रीने आपली संमती नव्हती असं न्यायालयात सांगितलं, तर न्यायालयाने ती नव्हती असंच धरून चालायचं. होती असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं. अशा गुन्ह्याला किमान दहा वर्षं शिक्षा ठरली, सुनावणी बंद दाराआड व्हावी असं ठरलं. वडशाच्या त्या दोन पोलिसांना यातलं काहीच लागू होणार नव्हतं, कारण फौजदारी कायदा मागे जाऊन शिक्षा करत नाही. ते योग्यच आहे. पण ज्या मुलीच्या जबाबावरून हे सगळं उभं राहिलं, तिच्या हाती काही पडलं नाही, हेही त्यासोबत नोंदवलं पाहिजे.

गुन्हा मोठा झाला की आपल्याकडे शिक्षा वाढवण्याची मागणी येते. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने डिसेंबर 2021 मध्ये मंजूर केलेल्या शक्ती विधेयकातही फाशी होती. त्याचा कायदा काही झाला नाही. शिक्षा वाढवायला फारसा विचार लागत नाही, एक आकडा बदलावा लागतो. वडशाच्या खटल्यातून निघालेलं खरं काम वेगळं आणि जास्त अवघड होतं. शब्दाचा अर्थ बदलायचा होता. संमती म्हणजे काय, हे कायद्याने स्वतः सांगायला 2013 उजाडावं लागलं. दिल्लीतल्या डिसेंबर 2012 च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती बसली आणि त्यानंतरच्या दुरुस्तीत एक साधं वाक्य आलं: स्त्रीने शरीराने प्रतिकार केला नाही, एवढ्याच कारणाने तिची संमती होती असं मानता येणार नाही. आज ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. ते आलं नागपूर खंडपीठाच्या निकालानंतर 37 वर्षांनी, आणि त्या रात्रीनंतर 41 वर्षांनी.

मागास जंगलजिल्ह्यात अन्याय घडतो आणि पुढारलेल्या राजधानीतून न्याय खाली झिरपतो, असं एक चित्र आपल्या मनात असतं. या खटल्यात ते उलटं पडतं. ठाण्याबाहेर थांबलेल्या लोकांना जे कळलं ते नागपूरला पटलं, आणि दिल्लीला ते शिकायला चार दशकं लागली.

शिकण्याची ही गोष्ट देशाच्या सीमेशी थांबत नाही. इंग्रजांनी 1872 ला केलेला पुराव्याचा कायदा फाळणीनंतर भारताने ठेवला, पाकिस्तानने ठेवला, पुढे बांगलादेशानेही ठेवला. त्यात एक उपकलम होतं: बलात्काराच्या खटल्यात आरोपीला तक्रारदार स्त्रीचं चारित्र्य वाईट असल्याचं दाखवता येईल. चंद्रपूरच्या निकालातली ‘सवय’ याच मुशीतली. भारताने हे उपकलम 2002 च्या दुरुस्तीने काढलं, पाकिस्तानने आपल्या नव्या कायद्यात उतरलेलं तेच कलम 2016 ला काढलं, बांगलादेशाने 2022 ला. स्त्रीला शरीरसंबंधांची ‘सवय’ आहे का हे ठरवण्यासाठी होणाऱ्या दोन बोटांची तपासणी नावाच्या प्रकाराचंही तसंच. वडशाच्या मुलीचीही ती झाली होती. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांची दुरवस्था अभ्यासून अहवाल लिहिला आणि त्यावरून प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं. सर्वोच्च न्यायालयाने ही तपासणी 2013 मध्ये स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली, ढाक्याच्या उच्च न्यायालयाने 2018 ला ती बंद केली, लाहोरने 2021 ला. तिन्ही देशांना रोग एकाच घरातून आला होता. तेव्हा औषधाची चिठ्ठी एकमेकांना दाखवायला लाजण्याचं कारण नाही.

प्रादेशिक सहकार्य म्हटलं की परिषदा आणि ठराव डोळ्यांसमोर येतात. गडचिरोलीत त्याचा अर्थ जास्त सरळ आहे. या जिल्ह्याच्या एका अंगाला तेलंगणा, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. प्राणहिता, गोदावरी, इंद्रावती या नद्या नकाशावर सीमा आहेत, सोयरिकीत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाशी इथल्या बाया मिरची तोडायला तेलंगणात जातात. शेतातच पाल टाकून राहतात. तिथे एखादीवर हात पडला तर ठाणं तेलुगूत बोलणार, आणि हिची भाषा गोंडी, माडिया किंवा झाडीबोली. गुन्हा कुठेही घडलेला असो, फिर्याद कोणत्याही ठाण्याने नोंदवून घ्यावी आणि मग हद्दीच्या ठाण्याकडे पाठवावी, ही ‘झिरो एफआयआर’ची सोय आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत लिहिलेली आहे. बलात्काराचा जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यावा, साक्षीदार स्त्रीला ठाण्यात न बोलावता तिच्या राहत्या जागी जाऊन विचारावं, हेही लिहिलेलं आहे. मिरची तोडून परतलेल्या बाईला हे ठाऊक असणं, तिच्या गावच्या ठाण्याने ‘तिकडे जा’ न म्हणणं, आणि नदीपलीकडच्या ठाण्याने आलेला कागद बाजूला न टाकणं, इतकं जमलं तरी दोन राज्यांचं सहकार्य झालं म्हणता येईल.

एकत्र येऊन सरकारला जाब विचारण्याची सवय इथल्या बायांना नवी नाही. गडचिरोलीत 1993 ला दारूबंदी झाली ती लोकांच्या, त्यातही बायांच्या, लांबलेल्या चळवळीमुळे. चंद्रपूरच्या बाया 2010 च्या डिसेंबरात त्याच मागणीसाठी चिमूरहून नागपूरपर्यंत पायी गेल्या. चंद्रपुरात बंदी 2015 ला आली आणि 2021 ला उठली. दारूबंदीविषयी मतं वेगळी असू शकतात. पण दारूपायी होणारी घरातली मारहाण ही खासगी बाब नसून सरकारला विचारण्याची बाब आहे, हे त्या पायी चालण्याने सांगितलं, आणि बंदी उठल्याने ते खोटं ठरत नाही.

घराचा विषय आला की मात्र कायदा अजून 1978 मध्येच आहे. कलम 63 मध्ये ते प्रतिकाराचं वाक्य आहे, त्याच कलमात एक अपवादही आहे: बायकोला अठरा वर्षं पूर्ण झालेली असतील तर नवऱ्याने केलेला संबंध हा बलात्कार नाही. मग तिने नको म्हटलेलं असो, रडलेली असो, गप्प पडून राहिलेली असो. ठाण्याच्या बंद दाराआडची शरणागती म्हणजे संमती नव्हे, हे आपण मान्य केलं. घराच्या बंद दाराआडची तीच शरणागती आपण लग्नाच्या दिवशीच कायमची संमती म्हणून लिहून घेतो. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर 2002 मध्येच नवऱ्याच्या विरुद्ध कौल दिला आणि 2006 ला तिथे कायदा झाला. कुटुंबव्यवस्था मोडेल ही भीती तिथेही घातली गेलीच असणार. आपल्याइतकीच लग्न जपणारी ती शेजारची माणसं. त्यांच्याकडून हे शिकायला कोणत्याही परिषदेची वाट पाहायची गरज नाही.

1972 च्या त्या रात्री ठाण्याबाहेर थांबलेली माणसं कोणी कायदेपंडित नव्हती. दिवे गेले आणि दार लागलं, तेव्हा आतून आवाज येत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं त्यांनी मानलं नाही. संसदेने निदान तेवढं तरी करावं, आणि तो अपवाद काढावा.