सामान्य गळ्यासाठी गाणं

चित्रपटगीतांकडून भजनाकडे वळलेल्या गायिकेबद्दल बोलताना आपण बहुधा तिच्या श्रद्धेबद्दलच बोलतो. तिच्या गाण्यात नेमकं काय बदललं, हे मात्र पाहायचं राहून जातं. माझ्या मते सर्वांत आधी बदलते ती श्रोत्याची जागा. चित्रपटगीत तो ऐकतो. आरती तो स्वतः म्हणतो. त्याला म्हणता यावी अशा बेतानं गायिकेला गावं लागतं.

अनुराधा पौडवाल यांची कारकीर्द या दृष्टीनं ऐकावी. कारवारला जन्मलेल्या या गायिकेचा हिंदी चित्रपटातला पहिला स्वर १९७३ च्या ‘अभिमान’मध्ये उमटला, तो शंकराच्या श्लोकातून. पुढे ‘कळत नकळत’साठी राष्ट्रीय पुरस्कार आणि ‘आशिकी’, ‘दिल है कि मानता नहीं’, ‘बेटा’ यांसाठी सलग तीन फिल्मफेअर मिळाले. ‘बेटा’मधल्या नृत्यगीतातले उसासे, ठेक्याशी चाललेला लाडिक खेळ सहजी कुणाच्या गळ्यात उतरत नाही. गायिकेचं वेगळेपण हाच त्या गाण्याचा प्राण आहे.

भक्तिगीतांत त्यांनी तेच वेगळेपण आवरतं घेतलं. शब्द स्वच्छ, लय संथ, हरकती मोजक्या. दिल्लीच्या दर्यागंजातल्या फळांच्या रसाच्या दुकानातून पुढे आलेल्या गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजनं हा आवाज स्वस्त कॅसेटींतून घरोघरी नेला. कॅसेट मागे फिरवता येई, निसटलेली ओळ पुन्हा ऐकता येई. असं ऐकता ऐकता आरती पाठ होई. दिल्लीच्या द्वारकेसारख्या वसाहतींत ‘माता की चौकी’, म्हणजे देवीच्या भजनांची बैठक, बसते, तेव्हा माइकवरचा गायक ओळ टाकतो आणि मंडप ती उचलतो. आपल्या कीर्तनात टाळकरी हेच करतात.

अमेरिकेतल्या गायिका ग्लोरिया गेनर यांच्याकडे पाहिलं की हा विचार आणखी स्पष्ट होतो. १९८० साली त्यांना डिस्कोसाठीचं ग्रॅमी मिळालं; तो पुरस्कार त्या एकाच वर्षी दिला गेला. पुढचं ग्रॅमी चाळीस वर्षांनी, २०२० साली, ‘टेस्टिमनी’ या गॉस्पेलच्या, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांच्या संग्रहासाठी मिळालं. डान्स फ्लोअर आणि चर्च ही दोन टोकं वाटतात. पण त्यांचं ‘आय विल सर्व्हाइव्ह’ हे डिस्को गाणं लोक आधीपासूनच स्वतःच्या दुःखाचं, स्वतःच्या जिद्दीचं गाणं म्हणून एकत्र गात होते. गॉस्पेलमध्येही जमलेली मंडळी टाळ्यांनी आणि प्रतिसादानं गाणं पुरं करतात. श्रोत्याच्या बाजूनं मोजलं, तर गेनर यांना फार दूर जावं लागलं नाही. पौडवाल यांना जास्त अंतर कापावं लागलं.

म्हणून भजनातल्या साधेपणाला कलेची उतरण समजणं मला अन्यायाचं वाटतं. तयार गळ्यानं सामान्य गळ्यासाठी जागा करून द्यायची, तर आपल्याला येणाऱ्या कितीतरी गोष्टी जाणूनबुजून न करण्याचा संयम लागतो. नृत्यगीतातली करामत आपण जितक्या बारकाईनं ऐकतो, तितक्याच बारकाईनं हा संयमही ऐकला पाहिजे.