किड्यांना नावं नसतात

नेदरलँड्समध्ये मूल सतरा वर्षांचं झालं की घरी सरकारचं पत्र येतं : लष्करी सेवेसाठी तुमची नोंद झाली आहे. सक्तीची भरती १९९७ पासून स्थगित असल्यामुळे कुणाला प्रत्यक्ष बोलावत नाहीत. पण कायदा रद्द झालेला नाही, म्हणून पत्र मात्र चुकत नाही, आणि २०२० पासून ते मुलींनाही येतं. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमध्ये, म्हणजे ज्याला लोक अजूनही सवयीनं बाइलमर म्हणतात त्या भागात, डच पासपोर्ट घेतलेल्या भारतीय घरांतही ते पोचतं. पाच वर्षांचं वास्तव्य, भाषेची परीक्षा, भारतीय पासपोर्टचा त्याग, असा सगळा हिशेब करून नागरिक झालेल्या आईबापांना तेव्हा कळतं की या व्यवहारात आणखी एक कलम होतं.

रॉबर्ट हाइनलाइनची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही कादंबरी नेमक्या याच कलमावर उभी आहे. तिच्यातल्या भविष्यकाळात मताचा हक्क जन्मानं मिळत नाही. जो स्वखुशीनं सेवेत जाईल आणि ती पुरी करेल त्यालाच तो मिळतो. बाकीचे सुखानं व्यापारउदीम करतात, पण राज्यकारभारात त्यांचा आवाज नसतो. हाइनलाइन अ‍ॅनापोलिसच्या नौदल अकादमीतून बाहेर पडलेला अधिकारी, क्षयामुळे १९३४ मध्ये निवृत्त झालेला. अमेरिकेनं अणुचाचण्या थांबवाव्यात अशी मोहीम १९५८ मध्ये चालू होती, तिच्यावर तो संतापला आणि त्या संतापातून हे पुस्तक झालं. त्याच्या किशोर कादंबऱ्या छापणाऱ्या स्क्रिब्नर्सनं ते नाकारलं. १९५९ मध्ये पटनमनं छापलं आणि पुढच्याच वर्षी त्याला ह्यूगो पुरस्कार मिळाला. अमेरिकेच्या मरीन कोअरच्या शिफारस केलेल्या वाचनयादीत ते राहिलं आहे आणि दुसरीकडे फॅसिझमचं पाठ्यपुस्तक म्हणून त्याला शिव्याही पडत आल्या आहेत.

या पुस्तकावरची भांडणं वाचताना एक गोष्ट लक्षात येते. लोक दोन वेगळ्या कारणांनी पुस्तक मिटतात, आणि भांडताना ती दोन्ही एकच समजतात. काहींना रक्त सोसत नाही, काहींना भाषण. माझा एक सुरिनामी सहकारी या पुस्तकावरच्या चित्रपटात तुटणारे हातपाय बघून खुशाल हसतो. पण गोष्टीतला निवृत्त सैनिक असलेला शिक्षक वर्गात उभा राहून 'हिंसेनं काहीच सुटत नाही म्हणणारे मूर्ख असतात' अशा अर्थाचं काही बोलू लागला की तो उठून जातो. त्याला कारण विचारावं लागत नाही. सुरिनाम १९७५ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा हजारो माणसं बाइलमरच्या नव्या, अर्ध्या रिकाम्या उंच इमारतींत येऊन राहिली. मागे राहिलेल्यांनी १९८० मध्ये बाउटर्सेचं लष्करी बंड पाहिलं आणि ८ डिसेंबर १९८२ च्या हत्याही : राजवटीच्या १५ विरोधकांना पारामारिबोच्या किल्ल्यात ठार करण्यात आलं. गणवेशातल्या माणसानं नागरिकत्वावर दिलेलं व्याख्यान त्याच्यासाठी कल्पित साहित्य नाही.

माझं मत थोडं निराळं आहे. हाइनलाइनची भाषणं मला तितकीशी धोकादायक वाटत नाहीत, कारण भाषणाशी वाद घालता येतो. त्याचं खरं राजकारण शत्रूत आहे. शत्रू म्हणजे किडे. त्यांना नावं नाहीत, घरं नाहीत, आपल्याला कळेल अशी भाषा नाही. एवढी मांडणी केल्यावर शिक्षकानं काहीही सांगितलं तरी फरक पडत नाही, वाचकाचा निकाल आधीच लागलेला असतो. गंमत अशी की याच लेखकानं नायक ज्वान रिको केला फिलिपिनो, आणि त्याची घरची भाषा टागालोग आहे हे शेवटच्या पानांपर्यंत लपवून ठेवलं. माणसामाणसांतला वर्ण त्यानं पुसला आणि ती सगळी परकेपणाची ऊर्जा किड्यांवर ओतली.

चित्रपट केला तो एका अ‍ॅमस्टरडॅमकरानं. पाउल व्हरहूवन १९३८ मध्ये या शहरात जन्मला आणि युद्धाच्या काळात हेगमध्ये वाढला. त्या शहरातून जर्मन लंडनवर व्ही-२ रॉकेटं सोडत होते. ते तळ उद्ध्वस्त करायला आलेल्या ब्रिटिश विमानांचे बॉम्ब ३ मार्च १९४५ रोजी चुकून बेझाउडनहाउट या वस्तीवर पडले आणि पाचशेहून अधिक माणसं गेली. म्हणजे मुक्त करायला येणाऱ्यांचे बॉम्बही अंगावर पडतात, हे या माणसाला सातव्या वर्षी ठाऊक होतं. त्यानं हाइनलाइनची जेमतेम दोन प्रकरणं वाचली, कंटाळून पुस्तक टाकलं आणि १९९७ मध्ये त्याच नावाचा चित्रपट काढला. देखणी गोरी मुलं, नाझी धाटणीचे कोट, प्रचारपटांसारख्या जाहिराती. रिकोही आता अर्जेंटिनाचा गोरा तरुण झाला. पुस्तकाचे चाहते चिडले, की आमची टिंगल केली. काही अमेरिकी समीक्षकही चिडले, की हा फॅसिझमचा गौरव आहे. एकाच चित्रपटावर दोन परस्परविरोधी आरोप! शेवटी पकडलेल्या किड्याच्या मनात शिरून एक अधिकारी जाहीर करतो की तो घाबरला आहे, आणि सैनिक जल्लोष करतात. इथे प्रेक्षागृहाची फाळणी होते. काही जण टाळ्या वाजवतात, काहींच्या अंगावर काटा येतो. दिग्दर्शकानं कुणाचाही हात धरून त्याला योग्य बाजूला नेलेलं नाही, आणि मला तेच त्याचं धाडस वाटतं.

पुस्तकात युद्धाला तोंड फुटतं ते ब्युनॉस आयर्स बेचिराख होतं तेव्हा. रिकोची आई तिथेच असते. हे पान बाइलमरमध्ये वाचणं वेगळं आहे. ४ ऑक्टोबर १९९२, रविवार, संध्याकाळी साडेसहाचा सुमार. स्खिपोलहून तेल अवीवला निघालेलं एल अल या इस्रायली कंपनीचं मालवाहू ७४७ विमान उजव्या पंखाची दोन्ही इंजिनं गळून पडल्यावर ख्रूनेव्हेन आणि क्लाइन-क्राउटबर्ख या इमारतींच्या सांध्यावर कोसळलं. ४३ माणसं मेली, त्यांपैकी ३९ जमिनीवरची. पुढे एकेक गोष्ट बाहेर येत गेली. शेपटीत समतोलासाठी निःसत्त्व युरेनियम होतं. मालात सारीन या विषारी वायूच्या निर्मितीत लागणारं एक रसायन होतं, हे कळायला १९९८ उजाडलं. १९९९ मध्ये संसदीय चौकशी झाली. तोवर माणसं आपले आजार आणि अपघाताच्या जागी दिसलेल्या पांढऱ्या पोशाखातल्या अनोळखी माणसांच्या कहाण्या उराशी घेऊन बसली होती. लष्करी विज्ञानकथेत घालायला संपादक कचरेल असा हा ऐवज, लोकांच्या स्वयंपाकघरावर येऊन पडला.

आणि नागरिकत्व इथेही आलंच. त्या इमारतींत कागदपत्रांशिवाय राहणारे बरेच होते. सुरुवातीला मृतांचा अंदाज दोनशेच्या वर गेला होता, कारण कोण कुठे राहत होतं याची नोंदच नव्हती. आपण तिथे राहत होतो हे सिद्ध करू शकणाऱ्याला राहण्याचा परवाना देण्याचं ठरलं, तेव्हा शेकडो माणसं रांगेत उभी राहिली. काही खरी, काही खोटी. हाइनलाइनच्या जगात शत्रूवर आग टाकून नागरिक होता येतं. इथे आग डोक्यावर पडल्याचा पुरावा मागितला गेला. या रांगेची आठवण असलेल्या वाचकाला ब्युनॉस आयर्सच्या पानानंतर सूडाची भूक लागेलच असं नाही. तो विचारेल, मेलेल्यांची यादी कुणी केली?

तो प्रश्न ज्यानं विचारला तो जो हॉल्डमन व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतला होता. १९७४ च्या 'द फॉरेव्हर वॉर'मधल्या पहिल्याच लढाईत सैनिकांना संमोहनातून पेरलेली आज्ञा दिली जाते आणि ते प्रतिकारही न करणाऱ्या परग्रहवासीयांची कत्तल करतात. भान आल्यावर त्यांना स्वतःचीच शिसारी येते. सैनिक पृथ्वीवर परततो तेव्हा प्रवासाच्या वेगामुळे इथे दशकं, पुढे शतकं उलटलेली असतात. परतीचा भाग 'अ‍ॅनालॉग' या विज्ञानकथा मासिकाचा संपादक बेन बोव्हा याला फार निराशाजनक वाटला म्हणून तो बाजूला पडला आणि पूर्ण रूपात कादंबरीत यायला बराच काळ गेला. रक्तपात चालला, घरी परतणं मात्र चाललं नाही! १९८८ पासून फ्लेमिश चित्रकार मार्व्हानोनं या कादंबरीचं चित्ररूप काढलं, त्यामुळे डच वाचकांच्या एका पिढीला ही लढाई रंगांत भेटली. मात्र हॉल्डमनही सगळीकडे जागा नाही. स्त्री-सैनिकांनी नियमानुसार पुरुषांची शय्यासोबत करायची, हे तो सहज सांगून पुढे जातो. आजच्या वाचक स्त्रिया तिथे थबकतात आणि त्यांचं बरोबर आहे. युद्धाची प्रत्येक किंमत मोजणाऱ्या लेखकाला ही किंमत किंमतच वाटली नाही.

आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि १७६१ चा निकाल फिरतो. रक्ताचा थेंब दिसत नाही, तरी कथा राजकीय आहे. मराठी वाचक विजयानं सुखावतो, आणि तेवढ्यात त्या जिंकलेल्या जगातला आझाद मैदानावरचा जमाव आपल्या जगातून तिथे पोचलेल्या, अध्यक्षाच्या खुर्चीत बसलेल्या प्राध्यापकाला अंडी-टोमॅटो मारून हाकलतो. काही वाचक हे विनोद म्हणून सोडून देतात. मला ते कथेतलं सगळ्यात अस्वस्थ करणारं पान वाटतं, कारण पराभवाची आठवण सांगणारा माणूस विजेत्यांच्या देशात नकोसा असतो. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'मधला रक्ताचा चिखल मात्र आपण १९८८ पासून बिनतक्रार वाचत आलो. इतिहास म्हटला की आपलं पोट घट्ट होतं.

त्यापलीकडे मराठी विज्ञानकथेत सैनिक फारसा फिरकत नाही. ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धांतून, शास्त्रज्ञांच्या टेबलांवर वाढली, म्हणून तिचा नायक प्रयोगशाळेत असतो. सातारा जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, जिथल्या घराघरांतून पिढ्यान्‌पिढ्या फौजेत माणसं गेली. पहिल्या महायुद्धात कुणाच्या तरी साम्राज्यासाठी, अनोळखी मुलखात, ज्यांची भाषा येत नाही अशा शत्रूवर चालून जाणं, यापेक्षा परग्रहावरची मोहीम ती काय वेगळी? त्या घरात वाढलेल्या कुणीतरी ती कथा लिहायला हवी. तिच्यात वर्णन कमी आणि पेन्शनचे अर्ज जास्त असतील. पुण्यातले काही वाचक तिला देशद्रोही म्हणतील, काही युद्धखोर म्हणतील, आणि अपशिंगेतले म्हणतील की बुटांचं वजन चुकलंय.