ठाऊक नसण्याची सबब

नीतिशास्त्रात अज्ञानाचे दोन प्रकार मानले जातात. कितीही प्रयत्न केला तरी जे दूर झाले नसते ते एक, आणि थोडे कष्ट घेतले असते तर दूर झाले असते ते दुसरे. पहिल्याला दोष लागत नाही, दुसऱ्याला लागतो. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी आणखी एक जात दाखवून दिली : कळले तर वागणूक बदलावी लागेल, म्हणून माणसाने हेतुपुरस्सर जपलेले अज्ञान. असे अज्ञान दोष हलका करीत नाही, उलट वाढवते, असा त्यांचा निर्वाळा आहे. आजच्या व्यापाराने ही तिसरी जात कशी जोपासली आहे, हे पाहायचे असेल तर चॉकलेटच्या वडीमागचा प्रवास पाहावा.

जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो. आयव्हरी कोस्ट १९६० मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा तेथे जे अरण्य होते, त्याचे सुमारे चार पंचमांश आज नाहीसे झाले आहे, आणि कोकोची लागवड हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. शेते लहान, बहुधा दोन-चार हेक्टरांची. गावोगाव फिरणारा खरेदीदार पोती उचलतो, ती मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तेथून बंदरावर जातात. पहिल्याच गोदामात अनेक शेतांच्या बिया एकत्र ओतल्या की कोणती बी जुन्या बागेतली आणि कोणती नुकत्याच तोडलेल्या राखीव वनातली, हे कोणालाच सांगता येत नाही. युरोपातील दुकानदार ‘आम्हांस ठाऊक नाही’ म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नाही. मात्र ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था त्याच्याच सोयीची आहे.

धुराच्या हिशेबाचेही असेच. पुरवठादारांच्या उत्सर्जनाची मोजणी कशी करावी, याचे प्रमाण ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ने २०११ मध्ये प्रसिद्ध केले. पुरवठादाराची खरी आकडेवारी हाती नसेल तर सरासरी वापरण्याची मुभा त्यात आहे. किती पैशांचा माल घेतला, त्याला ठरावीक सरासरीने गुणले, की उत्तर तयार! परिणाम काय झाला? ज्याने बागेत सावलीची झाडे राखली आणि ज्याने रान जाळून लागवड केली, ते दोघेही कागदावर सारखेच ठरतात. याहून चमत्कारिक गोष्ट अशी, की शेतकऱ्याला चार पैसे अधिक दिले तर हिशेबात धूर वाढलेला दिसतो. सरासरी निःपक्षपाती वाटते खरी. वस्तुतः ती सज्जनाची सज्जनता पुसून टाकते.

म्हणून सर्वांसाठी एक माप असावे, या मागणीच्या बाजूने माझा कौल आहे. प्रत्येक कंपनीची प्रश्नावली वेगळी, ‘वन’ या शब्दाची व्याख्याही वेगळी असली, तर पळवाटा मोकळ्याच राहतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात व्याख्या नेमकी आहे : अर्ध्या हेक्टरहून मोठी जमीन, पाच मीटरहून उंच झाडे, दहा टक्क्यांहून अधिक छत्र. ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या वनाच्या जागेवरचा कोको, कॉफी, रबर वगैरे माल तेथे विकता येणार नाही, आणि प्रत्येक शेताचे स्थान अक्षांश-रेखांशांसह दाखवावे लागेल. (त्या तारखेपूर्वी कोणी किती वने तोडली, हा प्रश्न मात्र युरोपने स्वतःला विचारलेला नाही!) अंमलबजावणी २०२४ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये पुढे ढकलली गेली.

परंतु मापाचा इतिहास आठवावा. १७८९ मध्ये फ्रान्समधील खेड्यांनी आपली गाऱ्हाणी लिहून पाठवली तेव्हा सर्वत्र एकच माप असावे, ही मागणी त्यांत पुन्हा पुन्हा आली होती. जमीनदाराची धान्य घेण्याची पायली वर्षागणिक मोठी होत असे. तेथे दुर्बळाने बलवंताला मापात बांधू पाहिले. येथे बलवंत दुर्बळाला मोजतो आहे. ज्याच्या जमिनीला कागद नाही त्या शेतकऱ्याने आपले निर्दोषत्व सिद्ध करायचे, आणि नकाशा राहायचा कंपनीच्या संगणकात. दुसरा व्यापारी बरा भाव देत असला, तरी त्याच्याकडे जाताना शेतकऱ्याच्या हाती पुरावा नसतो.

जाणून घेण्याचे कर्तव्य कोणाचे? न जाणण्याने ज्याचा लाभ झाला, त्याचे. मोजणीचा खर्चही त्यानेच सोसावा. नकाशात न आलेले शेत अपराधी ठरत नाही. कंपनीने अशा शेतांचा माल घेणे सोडून दिले आणि मोठ्या मळ्यांकडे मोर्चा वळवला, तर तिची नोंदवही निर्मळ होईल. पण टाकलेली बी जेथे कोणी काही विचारत नाही अशा बाजारात जाईल, आणि झाड पडायचे ते पडेलच. पिलातानेही पाणी मागवले होते.

आयव्हरी कोस्टच्या शासनाने कोको पिकवणाऱ्यांची गणना करून त्यांना ओळखपत्रे देण्यास आरंभ केला आहे, आणि घानाच्या कोको मंडळाने शेतकऱ्यांची व शेतांची राष्ट्रीय नोंद उभारली आहे. या कामात उणिवा असतीलच. तरीही ओळखपत्र खिशात असलेला शेतकरी आपले पोते घेऊन दुसऱ्या दारी जाऊ शकतो.