न दिसणे आणि नसणे: उपग्रहचित्रातल्या रिकाम्या चौकटींचे प्रमाणशास्त्र

उपग्रहचित्र म्हणजे मुळात संख्यांचा भलामोठा तक्ता. त्याच्या प्रत्येक चौकटीत, म्हणजे पिक्सेलमध्ये, जमिनीच्या एका तुकड्यावरून परतलेल्या प्रकाशाचे माप असते. काही चौकटींत मात्र माप नसतेच. तिथे ढग आडवा आलेला असतो, संवेदक बिघडलेला असतो किंवा तो तुकडा उपग्रहाच्या पट्ट्याबाहेर राहिलेला असतो. संगणकाच्या तक्त्यात चौकट कोरी सोडता येत नाही, काही ना काही लिहावेच लागते. म्हणून एखादा अंक ‘येथे माहिती नाही’ या अर्थाने राखून ठेवतात. कुठे तो -९९९९ असतो, कुठे ०. अज्ञान नोंदवायलाही अंकच वापरावा लागतो, आणि तिथे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. न दिसणे आणि नसणे यांत भेद कसा करायचा?

भारतीय दर्शनांत हा प्रश्न कसून चर्चिला गेला आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धी, म्हणजे न दिसणे, हे सहावे, स्वतंत्र प्रमाण (ज्ञानाचे साधन) मानले. जमिनीवर घट दिसत नाही, यावरून तिथे घट नाही हे कळते. पण जे नाहीच त्याच्याशी डोळ्याचा संबंध यायचा कसा? म्हणून वेगळे प्रमाण हवे. न्यायदर्शनाच्या नैयायिकांना हे मान्य नव्हते. त्यांच्या मते अभाव हाही एक पदार्थ आहे आणि घटाचा अभाव डोळ्यांनीच कळतो, अनुपलब्धी त्याला साहाय्य करते इतकेच. मीमांसकांतल्याच प्राभाकरांनी तर अभाव नावाची वेगळी वस्तूच नाकारली. त्यांच्या लेखी कळते ती नुसती जमीन. वाद शतकानुशतके चालला, तरी भाट्ट (कुमारिलांचे अनुयायी) आणि नैयायिक या प्रतिस्पर्ध्यांत एका अटीबद्दल दुमत नव्हते. अनुपलब्धी ‘योग्य’ असली पाहिजे, म्हणजे घट असता तर तो दिसलाच असता अशी परिस्थिती हवी. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. बौद्ध आचार्य धर्मकीर्तींनी पिशाचाचे उदाहरण घेतले. पिशाच मुळात दिसण्याजोगेच मानलेले नाही, म्हणून ते न दिसल्याने त्याचा अभाव ठरत नाही. उरतो तो संशय.

हीच अट उपग्रहचित्राला लावता येते. एनडीव्हीआय हा हिरवळीचा निर्देशांक -१ ते +१ या मर्यादेत असतो. एखाद्या शेतावर तो शून्याजवळ आला, तर संवेदकाने ती जमीन पाहिली आहे आणि पीक असते तर ते दिसले असते. ही योग्य अनुपलब्धी आहे. ‘इथे हिरवळ नाही’ हे ज्ञान प्रमाण मानता येते. शेजारच्या शेतावर ढग असेल तर ती अंधारी खोली झाली. दोन्ही चौकटींत ० लिहिला, की नापीक जमीन आणि न पाहिलेली जमीन एक होऊन बसतात.

ही भीती पुस्तकी नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रांत ० हा अंक माहिती नसलेल्या चौकटींसाठी राखलेला आहे. खोल पाण्यासारख्या काळ्या पृष्ठभागावर, वातावरणाचा वाटा वजा केल्यावर, खरे माप कधीकधी शून्याखाली जाते. ते साठवायला जागाच नव्हती. जानेवारी २०२२ पासून प्रत्येक मापात १००० मिळवून ते साठवले जाऊ लागले. अतिशय अंधुक दिसलेल्या वस्तूला तिची जागा मिळाली आणि शून्य निव्वळ अनुपलब्धीकडे राहिले. नैयायिकाला ही तडजोड आवडली असती.

उलटी चूकही घडते: जे दिसले तेच न दिसल्यासारखे ठरवले जाते. १९८५ मध्ये फार्मन, गार्डिनर आणि शँक्लिन या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनची घट जमिनीवरच्या उपकरणाच्या आधारे जाहीर केली. निंबस-७ उपग्रह तेव्हा वर फिरतच होता. त्याच्या प्रक्रियेत १८० डॉबसन एककांखालच्या आकड्यांवर शंकास्पद म्हणून खूण केली जात असे. ते आकडे संगणकाने फेकून दिले, ही नंतर पसरलेली दंतकथा. ते जपलेले होते, म्हणूनच पुढे त्यांतून ओझोन-छिद्राचा विस्तार नकाशावर मांडता आला. खूण करणे आणि पुसून टाकणे यांतला फरक इथे फार मोलाचा ठरला.

उरतो रिकामी चौकट भरण्याचा प्रश्न. ३१ मे २००३ रोजी लँडसॅट-७ वरचा एक भाग निकामी झाला आणि त्यापुढच्या प्रत्येक चित्रात सुमारे २२ टक्के भाग पट्ट्यापट्ट्यांनी कोरा येऊ लागला. त्या पट्ट्या शेजारच्या पिक्सेलांवरून किंवा दुसऱ्या तारखेच्या चित्रावरून भरण्याच्या अनेक पद्धती निघाल्या. भरलेला अंक प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे; आणि अनुमानाला व्याप्ती, म्हणजे अपवाद नसलेला नियम, लागते. ‘जवळच्या जागा सारख्या असतात’ ही इथली व्याप्ती. सपाट शेतजमिनीवर ती बहुधा टिकते, सह्याद्रीच्या माथ्यावर मोडते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट उतरल्यावर वाईत त्याचा अगदी लहान हिस्सा. दोन्हींच्या मधली चौकट सरासरीने भरणे म्हणजे व्यभिचारी, म्हणजे व्याप्ती मोडणाऱ्या, हेतूवर निष्कर्ष काढणे होय.

पावसाळ्यात आणखी एक पेच आहे. ढग सगळीकडे, सगळ्या काळात सारखे येत नाहीत. पाऊस जिथे जास्त, तिथे न दिसणेही जास्त. म्हणजे रिकाम्या चौकटी खुद्द मोजायच्या गोष्टीशीच बांधलेल्या असतात. फक्त निरभ्र दिवसांची सरासरी घेतली, तर ती खरिपाच्या हंगामाची सरासरी नसते, निरभ्र दिवसांचीच असते. कोकणातल्या भाताबद्दल जुलै-ऑगस्टच्या अशा चित्रांवरून बोलताना हे विसरून चालत नाही. रडार ढगांच्या आरपार पाहते, हे खरे. ते जणू वेगळे इंद्रियच. पण उंच कड्यांमागे रडारचीही सावली पडते. फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीत हिमालयाच्या नकाशात अशीच भोके राहिली. त्या जागी -३२७६८ हा अंक लिहिला गेला, आणि तो खरी उंची समजून सरासरीत घेतला तर पर्वत समुद्रसपाटीखाली जातो.

चौकट भरावी की नाही, हे कामावर अवलंबून आहे. पाहिलेले कोणते आणि अनुमानाने भरलेले कोणते हे दाखवणारा मास्क मात्र चित्रासोबत हवाच. तो नसेल, तर त्या चित्रावरून पीकनुकसानीचा किंवा विम्याचा निर्णय देऊ नये.