चारचा आकडा

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत भिंतीवर चिकटवलेला कागद पाहिला. वजन गुणिले भाजल्याची टक्केवारी गुणिले चार, तितके मिली सलाईन चोवीस तासांत. संपलं. लघवी किती व्हायला हवी ते नाही, सलाईन कोणतं तेही नाही. समोरच्या खाटेवरच्या बाईंच्या पापण्या सुजून मिटल्या होत्या, बांगड्या कापून काढल्या होत्या. तासाला १५० मिली लघवी होत होती, तरी बाटली धो धो चालूच. कागदावर तसं होतं ना! हे सगळं या सूत्राच्या जनकाच्या, चार्ल्स बॅक्स्टरच्या नावावर खपतं, याचा मला राग येतो.

१९२१ मध्ये न्यू हेवनच्या थिएटरला आग लागली. संशोधक अंडरहिलने तिथल्या जळितांच्या फोडांतलं पाणी तपासलं, ते रक्तद्रवासारखंच निघालं. मग बॉस्टनची १९४२ ची आग, तिथल्या जळितांवर काम करणारे डॉक्टर कोप आणि मूर, पुढे इव्हान्स. गेलेलं पाणी भरून द्या, इथवर वाद नव्हता.

सगळे चुकीचं वाचतात ते १९६८ चं पान. डॅलसच्या पार्कलँड रुग्णालयात बॅक्स्टर आणि शायर्स यांनी रिंगर लॅक्टेटचा हिशेब मांडला. ६० किलोची व्यक्ती ४० टक्के भाजली तर ९,६०० मिली. त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत, आणि हे तास मोजायचे भाजल्यापासून, दवाखान्यात पोचल्यापासून नाही. पण हा चार म्हणजे सुरुवातीचा अंदाज होता. पुढचा वेग ठरवायची ती लघवी: मोठ्या माणसाला तासाला ३० ते ५० मिली. बॅक्स्टरने प्रथिनं बाद केली, हाही गैरसमज. प्लाझ्मा तो देतच होता, फक्त चोवीस तासांनंतर, गळती ओसरू लागली की.

कारण गळती फक्त जखमेतून होत नाही. वीस टक्क्यांच्या वर भाजलं की दाह सगळ्या अंगात पसरतो, केशवाहिन्यांची शिवण उसवते, न भाजलेला पायही सुजतो. आत ओतलेलं बरंचसं पाणी पेशींभोवती जाऊन बसतं. जास्त ओतलं तर पोटातला दाब इतका चढतो की मूत्रपिंडंच थांबतात. मग लघवी कमी म्हणून आणखी बाटली! २००० मध्ये सर्जन प्रुइटने या वाढत्या भाराला ‘फ्लुइड क्रीप’ म्हटलं, तेव्हा दोष सूत्राचा नव्हता, सूत्रापाशीच थांबलेल्या हातांचा होता.

आणि बाटली कोणती? आपण सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो, तिथेच घोटाळा होतो. नॉर्मल सलाईनमध्ये क्लोराइड लिटरला १५४ मिलीमोल, रक्तात शंभराच्या आसपास. एक-दोन बाटल्या शरीर पचवतं, ९,६०० मिली म्हणजे अर्ध्या लिटरच्या एकोणीस नाही. रक्त आम्लतेकडे झुकतं. रिंगर लॅक्टेट रक्ताच्या बरंच जवळ जातं. स्टार्चचं द्रावण वर्षानुवर्षं दिलं गेलं. मूत्रपिंडांना अपाय दिसल्यावर २०१३ मध्ये युरोपात ते भाजलेल्यांसाठी वर्ज्य ठरलं. अमेरिकन बर्न असोसिएशन आता चारऐवजी दोनपासून सुरुवात करायला सांगते, आणि पहिल्याच दिवशी अल्ब्युमिन या प्रथिनाचा विचार करायलाही.

त्या बाईंच्या सलाईनचा रोलर मी फिरवला, थेंब कमी केले. पुढच्या तासांत हळूहळू लघवी ४५ मिलीवर आली. तो आकडा वेळेसकट भिंतीवरच्या कागदाखाली पेनने लिहिला, आणि सिस्टरना म्हटलं, पुढच्या तासाचा तुम्ही लिहा.