आपल्याच चुकीखाली सही

गोल्फ बघणाऱ्या माणसाला मराठी घरात फारशी प्रतिष्ठा नसते. क्रिकेटचं वेड सगळे समजून घेतात, कुस्तीच्या वेडाचं तर कौतुकही होतं. पण रविवारी रात्री उशिरापर्यंत टीव्हीसमोर बसून, हिरवळीवरून चालणाऱ्या एका टोपीवाल्या इसमाकडे एकटक बघणाऱ्याची घरात काळजीच वाटते. ‘‘हा नुसता चालतोय की!’’ असं कोणीतरी म्हणतं, आणि त्यावर वाद घालायला जागा नसते. अठरा होलची एक फेरी चार-पाच तास चालते. एका फटक्याला दोन सेकंदही लागत नाहीत. म्हणजे सत्तर फटक्यांचा प्रत्यक्ष खेळ अडीच मिनिटांच्या आतच आटोपतो. बाकीचा वेळ खेळाडू चालतो, चिमूटभर गवत हवेत सोडून वारा बघतो, काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीशी कुजबुजतो, खिशातल्या वहीत डोकावतो. समालोचकही शेजारी कोणी आजारी झोपलं असावं अशा आवाजात बोलतात.

मला गोल्फ आवडतो तो या बाकीच्या वेळासाठी. फलंदाज चुकला तर तंबूत परततो, कॅमेरा पुढच्या माणसाकडे वळतो. टेनिसपटूला पुढची सर्व्हिस घ्यायची असते. गोल्फरला मात्र आपण केलेली चूक मनात घोळवत तीनशे यार्ड चालावं लागतं, आणि ते चालणं जग बघत असतं. शिवाय दोष द्यायला कोणी हाताशी नसतं. चेंडू जागेवर स्थिर आहे, समोरून कोणी तो वळवत नाही, झेल सोडणारा सहकारी नाही, वाईट निर्णय देणारा पंच बहुतेक वेळा दृष्टीच्याही टप्प्यात नाही. वाऱ्यावर ढकलता येतं, पण वारा सगळ्यांनाच असतो. असा निरुपाय झालेला माणूस कसा वागतो, हे निवांतपणे बघायची सोय दुसऱ्या कुठल्या खेळात इतकी चांगली नाही.

कॅडी असतो, हे खरं. २००१च्या ब्रिटिश ओपनमध्ये शेवटच्या दिवशी इयन वूझनम आघाडीच्या जवळ होता. पहिल्याच होलवर त्याचा चेंडू थेट आत जाता जाता राहिला. दुसऱ्या होलच्या सुरुवातीला कॅडीने हळूच सांगितलं, की पिशवीत ड्रायव्हर नावाच्या दोन काठ्या आहेत. नियमाप्रमाणे चौदा काठ्या चालतात, या पंधरा होत्या. दोन फटक्यांचा दंड झाला. वूझनमने नको असलेली काठी बाजूला भिरकावली, थोडा तोंडाचा पट्टा सोडला आणि पुढे खेळून तिसरा क्रमांक विभागून घेतला. कॅडीला त्याने त्या दिवशी घरी पाठवलं नाही. पिशवी कोणी का भरेना, त्यातल्या काठ्यांची जबाबदारी खेळाडूचीच, असं नियमच सांगतो.

या जबाबदारीचा कळस म्हणजे स्कोअरकार्ड. सोबतचा खेळाडू तुमचे आकडे लिहितो, तुम्ही तपासता आणि खाली सही करता. मैदानावर लाखो डॉलरची यंत्रणा असते, प्रत्येक फटका उपग्रहावरून घरोघरी पोचलेला असतो, तरी अधिकृत असतो तो हा कागद. १९६८च्या मास्टर्समध्ये अर्जेंटिनाच्या रॉबर्तो दे विसेन्झोने सतराव्या होलवर बर्डी केली, म्हणजे ठरलेल्या चारऐवजी तीन फटक्यांत चेंडू आत घातला. सोबतच्या टॉमी एरनने चुकून चार लिहिले. दे विसेन्झोने न बघता सही केली. नियम असा होता, की कमी फटके लिहून सही केली तर स्पर्धेतून बाद आणि जास्त लिहून केली तर जास्तच धरायचे. त्या एका आकड्यामुळे बरोबरी हुकली, दुसऱ्या दिवशीचा प्लेऑफ हुकला आणि बॉब गोल्बी विजेता ठरला. ज्या दिवशी हे झालं तो दे विसेन्झोचा पंचेचाळिसावा वाढदिवस होता. त्याने एरनला बोल लावला नाही, समितीला लावला नाही. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्याने स्वतःलाच मूर्ख ठरवलं आणि विषय संपवला.

ही जुन्या जमान्यातली गोष्ट म्हणून सोडून देण्याची सोय नाही. २०२४च्या फेब्रुवारीत जॉर्डन स्पीथ लॉस एंजेलिसमधल्या रिव्हिएराला खेळत होता. पोट बिघडलेलं होतं. एका होलवरच्या चार फटक्यांच्या जागी तीन लिहिलेल्या कार्डावर त्याने सही केली आणि तो बाद झाला. खरा आकडा संगणकात होता, पडद्यावर होता, प्रेक्षकांच्या हातातल्या फोनमध्येही होता. तरी सही ती सही. आपल्याकडे सह्यांचा तुटवडा नाही. एका साध्या दाखल्याच्या कागदावर पाच जणांच्या असतात, आणि पुढे काही बिनसलं की त्यातली एकही कोणाची नसते. त्यामुळे सही केली म्हणून गप्प बसून घरी जाणारा माणूस बघताना मला थोडा चमत्कार बघितल्यासारखं वाटतं.

यावरून गोल्फर हे संत असतात असा निष्कर्ष निघत असेल तर तो थांबवायला हवा. बॉबी जोन्सनेच तो थांबवला होता. १९२५च्या यूएस ओपनमध्ये त्याचा चेंडू गवतात किंचित हलला. दुसऱ्या कोणी पाहिलं नव्हतं, पण त्याने स्वतःवर एक फटक्याचा दंड लावून घेतला आणि अखेर प्लेऑफमध्ये विली मॅकफार्लनकडून हरला. लोक स्तुती करू लागले, तेव्हा त्याचं म्हणणं साधारण असं होतं, की बँक लुटली नाही म्हणून कोणी कोणाची पाठ थोपटतं का? हा विनय खराच असेल. पण मला त्यात खेळाची रचनाही दिसते. दीडशे एकर रानात विखुरलेल्या शंभर-दीडशे खेळाडूंमागे तितके पंच कुठून आणायचे? तेव्हा प्रत्येकाला आपापला पंच करून टाकणं सोयीचंच पडलं. सचोटी इथे सद्गुण म्हणून आली की व्यवस्थापनाची गरज म्हणून, कोण जाणे. पण रुजली खरी.

मधल्या काळात ही व्यवस्था एका गमतीदार वळणावर गेली होती. टीव्ही बघणारा कोणीही प्रेक्षक आयोजकांना कळवून खेळाडूचा नियमभंग दाखवून देऊ शकत असे. २०१७मध्ये महिलांच्या एका मेजर, म्हणजे वर्षातल्या मोजक्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एका स्पर्धेत लेक्सी थॉम्पसन आघाडीवर होती. आदल्या दिवशी तिने चेंडू उचलून परत ठेवताना तो थोडा सरकवून ठेवला, असा एका प्रेक्षकाचा ईमेल आला. रविवारी खेळ चालू असताना तिला सांगण्यात आलं, की चार फटक्यांचा दंड आहे. दोन चेंडूचे आणि दोन चुकीच्या कार्डावर सही केल्याचे. डोळे पुसत ती खेळत राहिली, बरोबरीपर्यंत पोचली आणि प्लेऑफमध्ये हरली. पुढच्या वर्षापासून प्रेक्षकांच्या तक्रारी घेणं बंद झालं. चाहता म्हणून माझा एक अधिकार गेला, पण तो गेला हे बरंच झालं. आपली चूक आपण सांगणं वेगळं आणि सोफ्यावर लोळून दुसऱ्याची शोधणं वेगळं. दुसऱ्या कामासाठी आपल्याकडे माणसांची कमतरता कधीच नव्हती.

गोल्फच्या चाहत्याला आणखी एक शिक्षण मिळतं, ते हरण्याचं. क्रिकेटमध्ये आपला संघ हरण्याची शक्यता ढोबळमानाने निम्मी. इथे दीडशेच्या आसपास खेळाडू गुरुवारी सुरू करतात आणि रविवारी एक जिंकतो. टायगर वुड्सचं २००० हे वर्ष घ्या. पेबल बीचला त्याने यूएस ओपन तब्बल पंधरा फटक्यांनी जिंकली, वर्षभरात पीजीए टूरच्या वीस स्पर्धांपैकी नऊ खिशात घातल्या. खेळाच्या इतिहासातल्या सर्वोत्तम वर्षांपैकी हे एक, आणि तरी अकरा आठवडे तो न जिंकताच परतला. जॅक निक्लॉसने १८ मेजर जिंकल्या हे सगळे सांगतात. १९ वेळा तो दुसरा आला हे मात्र मुद्दाम शोधावं लागतं. खेळाडूंचं हुकणंही आपल्या समजुतीपेक्षा फार जास्त असतं. अव्वल व्यावसायिकसुद्धा आठ फुटांवरून सव्वाचार इंचांच्या भोकात चेंडू घालण्यात जवळपास निम्म्या वेळा चुकतात.

म्हणून गोल्फच्या चाहत्यांच्या गप्पांत विजेत्यांपेक्षा हरणारेच जास्त असतात. १९९९ची कार्नूस्टीची ब्रिटिश ओपन पॉल लॉरीने जिंकली, शेवटच्या दिवशी दहा फटक्यांची पिछाडी भरून काढून. पण नाव निघतं ते फ्रान्सच्या जाँ व्हान द व्हेल्दचं. शेवटच्या होलवर त्याला सहा फटके चालणार होते. एक चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडला लागून मागे उडाला, पुढचा ओढ्यात पडला. मग गड्याने बूट-मोजे काढले, पँट दुमडली आणि पाण्यातून चेंडू मारता येतो का हे बघायला तो ओढ्यात उतरून उभा राहिला. अखेर सात फटके लागले, प्लेऑफ झाला आणि चषक गेला. शहाणपणाने छोटे फटके मारले असते तर चषकावर त्याचं नाव असतं, आणि त्याच्याबद्दल आज दोन वाक्यंही कोणी बोललं नसतं.

माझा स्वतःचा माणूस रोरी मॅकिलरॉय. अशा माणसाचा चाहता असणं हे जवळजवळ व्रत आहे. २०११च्या मास्टर्समध्ये एकविसाव्या वर्षी तो चार फटक्यांच्या आघाडीने शेवटच्या दिवसात उतरला आणि ८० फटके खेळला. दोनच महिन्यांनी यूएस ओपन आठ फटक्यांनी जिंकून त्याने सगळ्यांना गप्प केलं. २०१४पर्यंत चार मेजर झाल्या. मग दहा वर्षं काही नाही. २०२४ला पाइनहर्स्टवर शेवटच्या तीन होलमध्ये दोन चिमुकले पुट, म्हणजे भोकाजवळचे हलके फटके, हुकले आणि ब्रायसन डीशॅम्बो एका फटक्याने जिंकला. अखेर २०२५च्या मास्टर्समध्ये त्याने जिंकणं आणि हरणं एकाच दुपारी करून दाखवलं. पहिल्याच होलवर डबल बोगी (ठरल्यापेक्षा दोन फटके जास्त), तेराव्यावर हातातला सोपा चेंडू पाण्यात, अठराव्यावर जिंकून देणारा पाच फुटी पुट बाहेर, आणि मग जस्टिन रोझविरुद्धच्या प्लेऑफमध्ये पहिल्याच होलला बर्डी. चारही मेजर जिंकणारा तो सहावा पुरुष. भारतात सोमवारची पहाट होत होती आणि तो हिरवळीवर गुडघ्यांवर कोसळून रडत होता. बिनचूक खेळून जिंकला असता तर इतका आपला वाटला नसता.

बिनचूक खेळणाऱ्याचं दुःख स्कॉटी शेफलरला विचारावं. मागच्या काही वर्षांत त्याच्याइतकं सातत्य कोणात नाही, आणि त्याच्याबद्दल सांगण्यासारखी गोष्ट शोधायची तर पोलिसांकडे जावं लागतं. मे २०२४मध्ये लुईव्हिलला, पहाटेच्या एका जीवघेण्या अपघाताने रस्ता अडला असताना मैदानाकडे गाडी वळवली म्हणून त्याला अटक झाली. कोठडीत त्याने व्यायाम केला, सुटून वेळेवर मैदानात पोचला आणि ६६ फटक्यांची फेरी खेळला. आरोप नंतर मागे घेतले गेले. २०२५च्या ब्रिटिश ओपनआधी तो पत्रकारांना म्हणाला, की जिंकल्याचा आनंद फार थोडा वेळ टिकतो, आणि त्यासाठी इतका जीव का टाकायचा हे कळत नाही. एवढं बोलून त्याने ती स्पर्धा जिंकली. दुसऱ्या टोकाला जॉन डेली. १९९१च्या पीजीए चॅम्पियनशिपला नवव्या क्रमांकाचा राखीव खेळाडू होता. जागा रिकामी झाल्याचं कळताच रात्रभर गाडी चालवत आला, सरावाशिवाय उतरला आणि जिंकला.

पैशाचा विषय टाळून चालणार नाही. २०२२मध्ये सौदी निधीतून एलआयव्ही गोल्फ ही नवी स्पर्धामालिका सुरू झाली. मिकल्सन, डीशॅम्बो, पुढे जॉन राम, आणि पुण्यात जन्मलेला आपला अनिर्बन लाहिरी तिकडे गेले. पैसे कोणाला नको असतात, आणि जुनी पीजीए टूरही काही धर्मादाय संस्था नव्हती. माझी तक्रार लहान आहे. नेहमीच्या स्पर्धेत दोन दिवसांनी निम्मे खेळाडू गळतात आणि रिकाम्या हाताने, पदरमोड करून घरी जातात. एलआयव्हीने ही गळती काढून टाकली. पहिल्या स्पर्धेत शेवटच्या क्रमांकालाही १ लाख २० हजार डॉलर मिळाले. हरण्याची भीतीच गेली, तर त्या लांबलचक चालण्यात बघायचं काय?

हा खेळ श्रीमंतांच्या कुंपणाआडचा आहे, हा आक्षेप मला मान्य आहे. पण कुंपणाच्या आत काम करणाऱ्यांची मुलंही असतात. एसएसपी चौरसियाचे वडील रॉयल कलकत्ता क्लबात मैदान राखायचे. मुलगा तिथेच शिकला आणि २००८मध्ये दिल्लीत युरोपियन टूरची स्पर्धा जिंकून गेला. आणि ७ ऑगस्ट २०२१च्या सकाळी, टोकियो ऑलिंपिकमध्ये, जागतिक क्रमवारीत दोनशेवी असलेली अदिती अशोक, आईला कॅडी म्हणून सोबत घेऊन, पदकासाठी लढत होती. बर्डी म्हणजे काय हे देशाने त्या सकाळी घाईघाईने विचारून घेतलं. एका फटक्याने पदक हुकलं आणि ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राचं सुवर्ण आलं आणि सकाळ मागे पडली. मला मात्र त्या दिवसातली सकाळच जास्त मोलाची वाटते. सुवर्णाचा जयजयकार आपल्याला उपजतच येतो. चौथ्या क्रमांकाला मनापासून दाद द्यायला मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकवायला गोल्फइतका चिवट मास्तर दुसरा नाही. दर गुरुवारी तो वर्ग पुन्हा भरतो, आणि रविवारी बहुतेक सगळे नापास होतात.