मारबुर्गचं टेबल, भीमाकाठची पंगत

तुकोबांची पालखी देहूहून निघते, लोणी काळभोर, यवत, वरवंड करत बारामतीला येते आणि सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूर गाठते. वारकऱ्यांच्या लेखी ही एकाच वाटेवरची दोन मुक्कामाची गावं. ख्रिस्ती मिशनांच्या इतिहासात मात्र ती दोन वेगळ्या घराण्यांची. इंदापूरकडे एकोणिसाव्या शतकात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनचं काम चाले. बारामतीला विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातल्या ‘चर्चेस ऑफ ख्राईस्ट’चे मिशनरी आले. दोघंही प्रोटेस्टंट, दोघांच्या हाती मराठी बायबलच. पण स्कॉटिश रिवाजात पाळक तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडून त्याला बाप्तिस्मा देई. बारामतीच्या मिशनऱ्यांचं म्हणणं, ज्याला विश्वास म्हणजे काय हेच कळत नाही त्याला कसला बाप्तिस्मा? माणूस मोठा व्हावा, चारचौघांत आपल्या तोंडाने कबुली द्यावी आणि मग सगळा पाण्याखाली जाऊन वर यावा. प्रभुभोजनाचंही तसंच. स्कॉटलंडची जुनी चाल अशी की ते वर्षातून मोजक्या वेळी, आधी सभासदांची चौकशी करून व्हावं. ऑस्ट्रेलियन पंथात ते दर रविवारी.

यातली कोणती शिकवण आपल्या वाट्याला येणार हे त्या काळच्या कुटुंबाला फारसं निवडता येत नसे. मिशनांनी आपसात मुलूख वाटून घेतले होते. एकाच्या कार्यक्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा संकेत होता. त्यामुळे जिनिव्हात आणि ग्लासगोत लोक ज्या मतांसाठी घरदार सोडत, ती मतं पुणे जिल्ह्यात बऱ्याच अंशी गावाच्या पत्त्यावरून ठरली.

वादाचं मूळ बरंच मागे आहे. १५२९ च्या ऑक्टोबरात हेसचा लँडग्रेव्ह (प्रांताधिपती) फिलिप याने मार्टिन लूथर आणि झ्युरिकचा उलरिख झ्विंगली यांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. रोमच्या विरोधात सुधारकांची एकजूट व्हावी, हा त्याचा राजकीय हेतू. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्याचाही बराचसा भाग जमला. अडलं ते एका मुद्द्यावर. शेवटच्या भोजनात येशूने भाकर हाती घेऊन ‘हे माझे शरीर आहे’ म्हटलं, ते नेमकं कशा अर्थाने? लूथरने ते लॅटिन शब्द टेबलावर खडूने लिहून ठेवले होते आणि तो त्यांवरून हलायला तयार नव्हता. ख्रिस्ताने ‘आहे’ म्हटलं म्हणजे आहे. झ्विंगलीचं उत्तर असं की ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात, पित्याच्या उजवीकडे आहे. ते एकाच वेळी हजार गावांतल्या भाकरीत कसं असेल? भाकर ही खूण, भोजन हे स्मरण. निघताना लूथरने झ्विंगलीला बंधू मानायला नकार दिला. दोन वर्षांनी झ्विंगली काप्पेलच्या लढाईत मारला गेला.

नंतर जिनिव्हाच्या जॉन कॅल्विनने मधली वाट काढली. त्याच्या मते भोजनात ख्रिस्त खरोखर मिळतो, पण दातांनी नव्हे. पवित्र आत्मा विश्वासणाऱ्याला वर ख्रिस्तापाशी नेतो. १५४९ मध्ये झ्युरिकच्या बुलिंगरशी त्याचा करार झाला आणि ‘रिफॉर्म्ड’ परंपरा बरीचशी एका सुरात बोलू लागली. लूथरच्या अनुयायांना हे पुरेसं वाटलं नाही, आणि त्यांचा आक्षेप समजून घेण्याजोगा आहे. त्यांचा प्रश्न असा: अविश्वासी माणसाने भाकर खाल्ली तर त्याच्या तोंडात काय पडतं? लूथरपंथी म्हणत, ख्रिस्ताचं शरीरच, फक्त ते त्याला बाधतं. रिफॉर्म्ड म्हणत, नुसती भाकर. वरवर हा शब्दांचा कीस काढण्याचा प्रकार दिसतो. पण त्यामागे एक मोठी चिंता आहे. देवाची देणगी माझ्या विश्वासाच्या बळावर अवलंबून असेल, तर ज्या दिवशी माझा विश्वास डळमळेल त्या दिवशी माझ्या हाती काय उरतं?

बाप्तिस्म्यातही हीच फट. लूथरला बाप्तिस्म्यात देव त्या क्षणी काही करतो असं वाटे, म्हणून मरणोन्मुख बाळाला सुईणीनेही बाप्तिस्मा द्यावा, अशी त्याच्या परंपरेत मुभा राहिली. स्कॉटिश मंडळींनी स्वीकारलेल्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबात ती मुभा नाही. तिथे बाप्तिस्मा ही कराराची खूण आणि शिक्का आहे. आईबापांपैकी एक जरी विश्वासी असला तरी मूल त्या करारात येतं. कृपा मात्र पाणी पडल्याच्या घटकेशी बांधलेली नाही.

बारामतीला पोचलेला तिसरा विचार या स्कॉटिश घरातूनच फुटला, हे अनेकदा विसरलं जातं. अलेक्झांडर कॅम्पबेल हा आयर्लंडमधल्या प्रेस्बिटेरियन पाळकाचा मुलगा. १८०९ मध्ये तो ग्लासगोत शिकत होता. प्रभुभोजनाला बसायला पात्र ठरलेल्यांना तिथे धातूचा छोटा बिल्ला मिळे. त्यालाही तो मिळाला. पण माणसांनी माणसांची परीक्षा घेऊन प्रभूच्या मेजावर प्रवेश द्यावा हे त्याला पटेना, आणि तो भोजन न घेताच उठला. पुढे अमेरिकेत १८१२ मध्ये त्याला मुलगी झाली. तिला बाप्तिस्मा द्यायचा की नाही, या घरगुती प्रश्नाने तो नव्या करारात शिरला आणि बाहेर आला तो बालबाप्तिस्म्याविरुद्ध मत बनवूनच. त्याच वर्षी जूनमध्ये तो स्वतः एका ओढ्यात बुडून बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. मतांच्या जाहीरनाम्यांनी मंडळ्या फुटतात, तेव्हा बायबलखेरीज कुठलाही कबुलीजबाब नको, असं त्याच्या चळवळीने ठरवलं. कबुलीजबाब नसलेल्या या चळवळीचेही यथावकाश तुकडे झाले, ही वेगळी गंमत.

आता हे सगळं महाराष्ट्रात आलं तेव्हा काय झालं? लूथरपंथीयांचं बळ इथे कधी फारसं नव्हतं. भारतात ते १७०६ मध्येच आले, पण तरंगमबाडीला, तमिळ मुलखात. मराठी मुलखात १८१३ पासून अमेरिकन आणि १८२३ पासून स्कॉटिश मिशनरी आले, म्हणजे दोन्ही बाजूंनी कॅल्विनचेच वारस. त्यामुळे भाकरीत ख्रिस्त कसा असतो यावर मराठीत मारबुर्गसारखी जुंपली नाही. पण कारण एवढंच नाही. इथल्या समाजाला भाकरीविषयीचा एक प्रश्न आधीच ठाऊक होता आणि तो कितीतरी जहाल होता. ती कोणाच्या हातची, आणि शेजारी कोण बसलंय?

संत एकनाथ महाराघरी जेवल्याची कथा भक्तांनी शतकानुशतकं सांगितली ती याचसाठी. वारीच्या शेवटचा काला एकमेकांच्या मुखी घालण्यामागेही तोच ताण आहे, वर्षाचे बाकीचे दिवस जात जशीच्या तशी राहिली तरी. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले, तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. कोर्टाने त्याला वडिलांच्या ताब्यात दिलं. त्याचा बाप्तिस्मा झालेलाच नव्हता. तरी त्याला जातीत परत घ्यावं की नाही यावर ब्रह्मवृंदात वादळ उठलं, कारण तो ख्रिस्ती लोकांत जेवला होता. बाळशास्त्री जांभेकर त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं या बाजूने उभे राहिले. म्हणजे मिशनरी ज्या पाण्याला उंबरठा समजत होते, तो गावाच्या दृष्टीने उंबरठा नव्हताच. उंबरठा होता ताट.

अहमदनगरच्या अमेरिकन मिशनऱ्यांना हे लवकर उमगलं. १८३३ मध्ये तिथली मंडळी उभी राहिली ती बहुतांशी महार सभासदांची. १८३९ मध्ये हरिपंत खिस्ती हे ब्राह्मण त्यात आले, तेव्हा खरी कसोटी ठरली ती त्याच मेजावरची भाकर आणि तोच प्याला. दक्षिणेत चित्र निराळं होतं. तंजावरकडच्या मंडळ्यांत जातवार बैठकी चालत. १८३३ मध्ये अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी त्या मोडायचा हुकूम काढल्यावर काही लोकांनी लूथरन लिपझिग मिशनचा आसरा घेतला, कारण जातीबाबत त्या मिशनचं धोरण सबुरीचं होतं. या दोन धोरणांचं मूळ नुसत्या सिद्धांतात शोधणं धाडसाचं ठरेल. तरी एक दुवा दिसतो. भाकरीतल्या देणगीवर सगळा भर असला, की ती कोण कुठे बसून घेतो हे दुय्यम ठरू शकतं. रिफॉर्म्ड परंपरेत जमलेली मंडळी हाच भोजनाचा गाभा असल्यामुळे तुटक बैठक तिथे भोजनालाच खोटं पाडते.

लक्ष्मीबाई टिळकांचा क्रमही हाच आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो घेतला १९०० मध्ये, आणि त्याआधी त्यांनी सोवळंओवळं टाकून कोणाच्याही हातचं खायचं ठरवलं होतं. आधी ताट, मग पाणी.

शिकवणीच्या अधिकाराचा प्रश्न मात्र सगळ्यात तिखटपणे मांडला तो पंडिता रमाबाईंनी. २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा आणि दोन वर्षांच्या मनोरमेचा एकाच दिवशी बाप्तिस्मा झाला. अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांच्यावर अपेक्षा होती ती मंडळीची शिकवण मुकाट स्वीकारण्याची. सिस्टर जेराल्डीनला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी साफ सांगितलं की एका पुरोहितवर्गाच्या कचाट्यातून सुटून दुसऱ्याच्या जोखडाखाली मान द्यायची त्यांची तयारी नाही. पुढे आपल्या आत्मनिवेदनात ख्रिस्ती देशांत पंथांचा केवढा गलबला दिसला, हे त्यांनी जरा चकित आणि जरा मिश्किल सुरात नोंदवलंय. बारामतीच्या शेजारच्याच दौंड तालुक्यात केडगावला त्यांनी मुक्ती मिशन वसवलं आणि तिथल्या मुलींना बाप्तिस्म्यासाठी भीमेवर नेलं. लेकीला कळत्या वयाआधीच बाप्तिस्मा देणारी आई आणि नदीकाठची ही बाई एकच. मतं बदलायला त्यांनी कोणत्या परिषदेची वाट पाहिली नाही.

टिळक आणखी पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण लूथर, कॅल्विन आणि कॅम्पबेल या तिघांनाही हे ऐकून एकत्र बसावं लागलं असतं.

मंडळ्यांनी आपली तडजोड शोधली ती नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० ला तिथे सहा परंपरा मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात स्कॉटिश-अमेरिकन वारशाच्या मंडळ्या होत्या, अँग्लिकन होते आणि कॅम्पबेलच्या चळवळीतल्या अमेरिकन शाखेचे डिसायपल्सही होते. बालबाप्तिस्मा आणि प्रौढ विश्वासणाऱ्याचा बाप्तिस्मा, दोन्ही पद्धती ग्राह्य ठरल्या. हे व्यवहारी शहाणपण होतं, पण एक जागा दुखरी राहिली. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेला माणूस उद्या येऊन म्हणाला, मला तो आठवत नाही, पुन्हा द्या, तर? एका घराण्याच्या मते ती मागणी देवाच्या शब्दावर अविश्वास दाखवणारी, दुसऱ्याच्या मते पहिलीच खरी मागणी. दोन तालुक्यांतल्या सोयरिकीत असा प्रश्न लग्नाच्या याद्यांबरोबर घरात येतो. लूथरपंथी या एकीकरणाबाहेर राहिले. युरोपात रिफॉर्म्ड आणि लूथरन मंडळ्यांनी १९७३ मध्ये लॉयेनबर्ग करारान्वये एकमेकांचं मेज मान्य केलं, मारबुर्गनंतर ४४४ वर्षांनी.

दरम्यान भारतात या प्रश्नाला एक नवा परीक्षक मिळाला होता, शासन. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आणि १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणून मंडळीच्या बाप्तिस्मा नोंदवहीतली एक ओळ तहसील कचेरीत जातीच्या दाखल्याविरुद्धचा पुरावा होऊ शकते. आईबापांनी तान्हेपणी शिंपडलेलं पाणी आणि मोठेपणी स्वतः दिलेली कबुली यांतला फरक, ज्यावर कॅम्पबेल ओढ्यात उतरला, तो इथे शिष्यवृत्तीचा आणि नोकरीचा फरक होतो.

२६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका महिलेची अनुसूचित जातीच्या दाखल्याची मागणी फेटाळली. आपण हिंदू आहोत, असं तिचं म्हणणं होतं. तिचा बाप्तिस्मा जन्मानंतर थोड्याच दिवसांत झालेला होता. न्यायालयाने ती नोंद पाहिली, पण तेवढ्यावर थांबलं नाही. ती मोठेपणी नियमित चर्चला जाते का, हेही तपासलं आणि दोन्ही मिळून तिला ख्रिस्ती ठरवलं.